फिर्याद येण्याआधी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते शनिवारी सकाळच्या शाळेत प्रार्थना आटोपली, की मुलांना ओळीत उभे करून प्रथम नखे आणि मग दात पाहात असत, हे माझ्या वयाच्या श्रोत्यांना सांगावयास नको. त्या ओळीत मीही उभा राहिलो आहे, आणि तोंडात लपविलेली लिमलेटची गोळी घाईने गिळताना ठसका लागून पकडलाही गेलो आहे. पुढे दैवयोगाने मी त्याच कामाला लागलो आणि चाळीस वर्षे लोकांची तोंडे उघडून पाहण्यात घालविली. परंतु गुरुजींच्या पाहण्यात आणि माझ्या पाहण्यात एक मोठा भेद राहिला. ज्याचे काही दुखत नाही अशा मुलाचे दात ते पाहात, आणि माझ्याकडे मात्र, रात्रभर गालाला हात लावून बसल्यावाचून, लवंगेचे तेल, कापूर, मिठाच्या गुळण्या हे सारे घरगुती उपाय थकल्यावाचून, सहसा कोणी आले नाही. निमंत्रणपत्रिकेत आजचा विषय ‘दंतारोग्य’ असा छापला आहे. खरे पाहता या भेदाविषयीच मला बोलावयाचे आहे.

शरीराच्या कारभारात वेदना हा वर्दी देणारा पाटलाचा जासूद आहे, असे आपण गृहीत धरतो. आणि हाताला काटा रुतला, पोटात कळ आली, डोळ्यांत कण गेला, तर ती आपले काम चोख बजावते, यात संशय नाही. दातांच्या बाबतीत मात्र हा जासूद सारे घर लुटून झाल्यावर चावडीवर येतो. याचे कारण दाताच्या घडणीत आहे. दाताचे बाहेरचे कवच, ज्याला दंतवल्क म्हणतात, ते मानवी शरीरातील सर्वांत कठीण द्रव्य होय. त्याच्या वजनापैकी सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा असतो, आणि जास्तीत जास्त अडीच मिलिमीटरांच्या आसपास जाडी असलेल्या या कवचावर आपण आयुष्यभर भाकरी, सुपारी, आणि रागाच्या भरात एकमेकांवर खाल्लेले दात, हे सारे निभावून नेतो. पण या काठिण्याची किंमत अशी, की त्यात रक्त नाही, मज्जातंतू नाही, सजीव पेशी नाही. मोडलेले हाड सांधते, कारण ते जिवंत असते. दंतवल्क घडविणाऱ्या पेशी मात्र दात हिरडीतून वर येताच नाहीशा झालेल्या असतात, म्हणून त्याला एकदा खळगा पडला, की तो आपण होऊन भरून येत नाही, आणि तो पडत असताना दुखतही नाही. कीड आतल्या मृदू थरात शिरली, की थंड पाणी झोंबू लागते, आणि ती थेट गाभ्यातील नसेपर्यंत पोहोचली, म्हणजे मग माणूस मध्यरात्री उठून बसतो. त्या रात्री तो ज्याला दुखण्याचा आरंभ समजतो तो वस्तुतः एका दीर्घ प्रकरणाचा शेवटचा कागद असतो.

आपल्या पूर्वसूरींना ही गोष्ट ठाऊक नव्हती असे नाही. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात दंतधावनाचा जो विधी आहे तो दंतरोगांच्या उपचारात आलेला नसून, चोविसाव्या अध्यायात आलेला आहे, आणि त्या अध्यायाचे नावच मुळी ‘अनागताबाधाप्रतिषेध’, म्हणजे अद्याप न आलेल्या पीडेचे निवारण, असे आहे. मला हे नाव प्रतिबंधक वैद्यकाच्या आजच्या कोणत्याही व्याख्येपेक्षा अधिक नेमके वाटते. काडी बारा अंगुळे लांब, करंगळीइतकी जाड, सरळ, गाठ नसलेली घ्यावी. कडू रसात निंब, तुरटात खैर, गोडात मोह आणि तिखटात करंज श्रेष्ठ समजावा. टोक चावून मऊ कुंचला करावा आणि दात एकेक करून घासावा, तेही दातांभोवतीच्या मांसाला, म्हणजे हिरडीला, इजा न होईल अशा बेताने, इतके सारे तेथे सांगितले आहे. कोणती काडी, यावर आपल्याकडे पुष्कळ चर्चा झाली, जाहिरातीही पुष्कळ झाल्या. पण ‘एकेक दात’ आणि ‘हिरडीला न दुखविता’ या दोन अटींकडे कोणाचे लक्ष गेले नाही, आणि माझ्या मते त्या अध्यायातील सारा अर्क या दोन अटींत आहे. निंबाच्या काडीने दाताच्या पृष्ठभागावर वरवर रंदा मारणारा मनुष्य आणि दोनशे रुपयांच्या ब्रशाने तेच करणारा त्याचा नातू, या दोघांत मला कधी फारसे अंतर दिसले नाही.

राखुंडीचे मात्र काही सांगितले पाहिजे. गोवरीची राख, कोळसा, विटेची पूड, जाडे मीठ, यांनी दात लख्ख होतात ही गोष्ट खरी, कारण भांडीही त्यांनीच लख्ख होतात. परंतु पितळेच्या तांब्याला पुन्हा कल्हई करता येते, दाताला ती करता येत नाही. अशा खरखरीत पदार्थांनी वर्षानुवर्षे आडवे घासल्यामुळे हिरडीलगत कुऱ्हाडीचा घाव बसावा तशी खाच पडलेली तोंडे मी शेकड्यांनी पाहिली आहेत, आणि त्यांतील बहुतेक मंडळी आपल्या स्वच्छतेचा मोठा अभिमान बाळगणारी होती.

आता कीड. दातात खरोखरीचा किडा असतो ही समजूत प्राचीन बाबिलोनपासून आपल्या वैद्यकातील ‘कृमिदंतक’ या रोगनामापर्यंत सर्वत्र आढळते, आणि जत्रेत कानात धुरी देऊन दाढेतला किडा काढून दाखविणाऱ्यांचा धंदा त्याच समजुतीवर चालला. पॅरिसच्या पिएर फोशार या दंतवैद्याने १७२८ मधील आपल्या ग्रंथात या किड्याला नकार दिला. त्याच्याही पूर्वी, १६८३ मध्ये, डेल्फ्ट या डच गावातील लेव्हेनहूक नामक कापडाच्या व्यापाऱ्याने स्वतःच्या दातांतील पांढरा मळ आपण घासलेल्या भिंगाखाली ठेवला आणि त्यात वळवळणारे असंख्य सूक्ष्म जीव पाहून लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळविले. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की हा गृहस्थ रोज सकाळी मिठाने दात घासणारा होता, आणि तरीही दोन दातांच्या मधल्या फटींत हा मळ उरतो अशी त्याने स्वतःच नोंद करून ठेवली आहे. त्या फटींत ब्रश आजही पोहोचत नाही. तेथे दोरा किंवा बारीक फटब्रशच फिरवावा लागतो. या जीवांचा आणि किडीचा संबंध जोडण्यास आणखी दोनशे वर्षे गेली. बर्लिनमध्ये काम करणाऱ्या मिलर या अमेरिकी दंतवैद्याने १८९० मध्ये दाखवून दिले, की हे जीव दात खात नाहीत; ते आपण खाल्लेली साखर आणि पिष्ट खातात, त्यातून आम्ल निर्माण करतात, आणि ते आम्ल दात विरघळविते. म्हणजे चोरी करणारा बाहेरून आलेला नाही. त्याला रोज शिधा आपणच पुरवितो.

येथे जरा थांबले पाहिजे, कारण याच ठिकाणी लोकांच्या मनात सर्वांत मोठा गैरसमज आहे. ‘साखर कमी करा’ असे म्हटले, की गृहस्थ चहातला एक चमचा कमी करतो आणि समाधान पावतो. परंतु प्रश्न मुख्यतः साखरेच्या वजनाचा नसून तिच्या फेऱ्यांचा आहे. अमेरिकेतील स्टीफन या संशोधकाने १९४० च्या सुमारास असे दाखविले, की साखरेच्या पाण्याने चूळ भरताच दातांवरील या मळाच्या लेपाचा सामू (पीएच) काही मिनिटांत घसरतो, आणि तो ५.५ च्या खाली गेला, की दंतवल्कातील खनिज विरघळू लागते; मग लाळ हळूहळू आम्ल निवारते, आणि अर्ध्या-पाऊण तासाने, कधी तासाभराने, तोल पूर्ववत होतो. लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट असल्यामुळे या उसंतीत गेलेले खनिज थोडेबहुत परतही येते. दाताचा हा नित्याचा जमाखर्च आहे: प्रत्येक खाण्यात खर्च, प्रत्येक विश्रांतीत जमा. आता जो दुकानदार सकाळपासून रात्रीपर्यंत आठ वेळा अर्धा कप चहा घेतो आणि प्रत्येक वेळी त्यात बिस्किट बुडवितो, त्याच्या वहीत जमेच्या बाजूला काही पडण्यास सवडच मिळत नाही. उलट सणाच्या दिवशी पंगतीत बसून पाच जिलब्या एकदम खाणारा आणि मग दिवसभर तोंड बंद ठेवणारा मनुष्य, त्याच्या पोटाचे काहीही होवो, दातांच्या हिशेबात पुष्कळ सुस्थितीत असतो.

हे तत्त्व ज्या प्रयोगाने निःसंशय सिद्ध झाले त्याचा उल्लेख करताना मन संकोचते. स्वीडनमध्ये लुंड शहराजवळ व्हीपेहोम नावाच्या, मतिमंद रुग्णांच्या संस्थेत १९४५ नंतर काही वर्षे रहिवाशांना निरनिराळ्या प्रकारे साखर देण्यात आली. कोणाला जेवणाबरोबर, आणि कोणाला जेवणांच्या दरम्यान, मुद्दाम दातांना चिकटून राहतील अशा टॉफ्या, एका गटाला दिवसाला चोवीसपर्यंत. जेवणाबरोबर साखर घेणाऱ्यांची कीड फारशी वाढली नाही; मधल्या वेळी चिकट टॉफ्या खाणाऱ्यांचे दात अक्षरशः उद्ध्वस्त झाले. ज्यांना संमती देता येत नव्हती अशा निराधार माणसांचे दात त्यांना न विचारता नासविले गेले, आणि त्या नासाडीतून जगाला ज्ञान मिळाले, हे सांगितल्यावाचून त्या ज्ञानाचा उपयोग करणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. स्वीडिश लोकांनी त्यातून एक साधी रूढी उचलली: मुलांना गोळ्या-मिठाई फक्त शनिवारी. आमच्या महाराष्ट्रात, जेथे १९५० च्या सुमारास प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि नंतर उसाने सारे राजकारणच गोड केले, तेथे साखर वर्ज्य करा म्हणून सांगणारा मनुष्य टिकणार नाही, हे मी जाणतो. म्हणून मी फक्त वेळा मोजण्यास सांगत आलो.

आणि रात्र. झोपेत लाळ जवळजवळ आटते, म्हणजे जमेचा एकुलता एक कारकूनच रजेवर जातो. अशा वेळी तोंडात अन्नाचा अंश ठेवून निजणे, किंवा तान्ह्या मुलाच्या तोंडात दुधाची बाटली ठेवून त्याला निजविणे, हे दार उघडे टाकून यात्रेला जाण्यासारखे आहे. आपल्याकडे दात घासणे हा मुखमार्जनाचा, म्हणजे सकाळच्या शुचिर्भूतपणाचा, भाग समजला गेला. त्यामुळे जो मनुष्य दात घासल्यावाचून चहाला स्पर्श करीत नाही तोच रात्री बासुंदी खाऊन खुशाल झोपतो. एकदाच घासावयाचे असेल तर रात्री घासा, असे मी म्हणत असे, आणि ऐकणारा माझ्याकडे मी धर्म बुडवीत असल्यासारखा पाहात असे.

हिरड्यांचे प्रकरण याहून नाजूक आहे, कारण हिरडी शेवटपर्यंत फिर्यादच करीत नाही. माझ्याकडे एक आजीबाई आल्या होत्या, जेमतेम पंचावन्न वर्षांच्या. वरचे पटाशीचे चारही दात हलत होते, आणि त्यांपैकी एकालाही कीड नव्हती. ‘घासताना रक्त यायचं, म्हणून सुनेनं सांगितलं, घासू नका, दहा-बारा वर्षं नुसतं बोट फिरवते,’ असे त्या म्हणाल्या. या एका वाक्यात अर्ध्या महाराष्ट्राच्या हिरड्यांचा इतिहास आला आहे. रक्त हीच हिरडीची एकमेव वर्दी असते, आणि ती मिळताच आपण नेमके उलटे करतो. १९६५ मध्ये डेन्मार्कमधील आर्हुस येथे हाराल्ड ल्यो याने आपल्या सहकाऱ्यांसह निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणे थांबविण्यास सांगितले; दहा ते एकवीस दिवसांच्या आत सर्वांच्या हिरड्या सुजल्या, आणि स्वच्छता पुन्हा सुरू करताच साधारण आठवड्याभरात पूर्ववत झाल्या. म्हणजे रक्त येते ते घासल्यामुळे नव्हे, नीट न घासल्यामुळे. आणि या पायरीवर मनुष्य मागे फिरू शकतो. हयगय झाली, लेप कठीण होऊन त्याचे कीटण बनले, आणि सूज हिरडीखाली उतरून दाताभोवतीचे हाड झिजू लागले, तर ते हाड मात्र परत मिळवून देणे माझ्यासारख्यांच्या हाती फारसे राहात नाही. कीटण काढले की दात हलू लागतात, अशी फिर्याद मी वारंवार ऐकली. वस्तुस्थिती अशी, की भिंत आतून कोसळलेली असते आणि दोन दातांना कीटणानेच चुन्यासारखे धरून ठेवलेले असते. ते काढणारा बिचारा गवंडी नाहक आरोपी ठरतो. मधुमेह्याने तर या गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे, कारण रक्तातली साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आवरत नाही.

ही एकुलती वर्दी दाबून टाकणारा पदार्थ म्हणजे तंबाखू. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजून केलेली मशेरी आमच्या आयाबहिणींच्या हाती दंतमंजन म्हणून आली आणि व्यसन म्हणून राहिली. तिने दुखणे थांबल्यासारखे वाटते; हिरड्यांचे रक्त कमी येते, ते हिरडी बरी झाली म्हणून नव्हे, तर निकोटिनने रक्तवाहिन्या आकुंचित होतात म्हणून. मुंबईत झालेल्या अभ्यासात धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या गर्भवतींची मुले कमी वजनाची आढळली आहेत, तेव्हा हा केवळ दातांचा विषय राहात नाही. सुपारीने गालाची आतली कातडी ताठ होऊन तोंड उघडेनासे होते, या विकाराचे वर्णन डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केले. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केला. गुटख्यावर महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये बंदी घातली. बंदीचा कागद सरकारी दप्तरात आहे आणि पुडी कोपऱ्यावरच्या टपरीत. याहून अधिक मी त्याविषयी बोलत नाही.

फ्लोराइडविषयी मला सभेनंतर हमखास विचारले जाते, म्हणून आधीच सांगतो. कोलोरॅडो स्प्रिंग्ज या अमेरिकी गावी मॅके नावाचा तरुण दंतवैद्य १९०१ मध्ये आला, आणि तेथील मुलांच्या दातांवर चॉकलेटी डाग पाहून चकित झाला; त्याने आयुष्याची तीस वर्षे त्या डागांच्या मागे घालविली, आणि वाटेत त्याला दिसले, की हे कुरूप दात किडत मात्र फार कमी. १९३१ मध्ये पाण्यातील अतिरिक्त फ्लोराइड हे त्या डागांचे कारण ठरले, आणि १९४५ च्या जानेवारीत मिशिगनमधील ग्रँड रॅपिड्स शहराने आपल्या पाण्यात दहा लाखांत एक भाग या प्रमाणात ते मिसळण्यास आरंभ केला. आमच्या देशाची कथा उलट आहे. नेल्लोर जिल्ह्यात १९३७ मध्येच फ्लोराइडाने हाडे ताठरलेले लोक आढळले होते, आणि आज चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील कित्येक गावांत विंधनविहिरींच्या पाण्यातून ते नको तितके येते. म्हणून पाण्यात मिसळण्याची तजवीज आम्हाला नको. टूथपेस्टमधून, दाताला बाहेरून लागेल इतकेच पुरे. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, त्यानंतर सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट, आणि घासून झाल्यावर केवळ थुंकून टाकणे. खळखळून चुळा भरण्याची आपली परंपरा मोठी आहे, पण त्या चुळांबरोबर विकत घेतलेले औषध मोरीत जाते.

शेवटी शाळेतल्या त्या ओळीकडे येतो. गुरुजी पहिलीच्या मुलांचे तोंड जरा अधिक वेळ पाहात, याचा अर्थ मला पुढे उमगला. सहाव्या वर्षाच्या सुमारास, दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, कोणताही दात न पाडता, गुपचूप एक नवी दाढ उगवते. दात पडला नाही म्हणून आईबापांना ती दुधाचीच वाटते, ‘पडेल आणि नवी येईल’ असे म्हणून ते निश्चिंत असतात, आणि आयुष्यभर जिच्यावर चावण्याचा मुख्य भार पडावयाचा ती दाढ दहाव्या वर्षी पोखरलेली असते. तिच्या माथ्यावरील खाचा ब्रशाच्या केसाहूनही अरुंद असतात. त्या वेळीच संरक्षक लेपाने बुजवून टाकल्या, तर ना भूल द्यावी लागते, ना खोदकाम. माझ्या दवाखान्यात अशी काही न दुखणारी मुले येत असत, पण ती फार थोडी. त्यांच्या आईबापांना शेजारी हसत, आणि खरे सांगावयाचे तर सुरुवातीला मलाही नवल वाटे, की दुखत नसताना यांनी पैसे का खर्च करावे. दात कोरून पोट भरत नाही, अशी म्हण आहे; ती रचणाऱ्याने आमचा धंदा पाहिला नव्हता. पोट भरते, पण ते दुसऱ्याच्या हयगयीवर.

बराच वेळ घेतला. वाचनालयाच्या कार्यवाहांनी मघाशीच कानात सांगितले आहे, की सभा संपल्यावर बाहेर चहा आणि प्रत्येकी दोन पेढे आहेत. ते दोन्ही एकदमच खा. एक खिशात घालून नेऊ नका.